डोंगर पळून जात नाहीत

(पुण्यात झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं की, तुला जवळचा वाटेल त्या विषयावर बोल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे मी नोकरीच्या मुलाखतीवर किंवा आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलेन असं तुमच्यापैकी अनेकांना वाटलं असेल. मी सायकलीवर बोलणार आहे. मनालीहून लेहला सायकलने जायचा आमचा एक बेत आहे. गेलं वर्षभर तो आमच्या घरात शिजतोय. जो रस्ता बहुतेक सायकलस्वार आठ-दहा दिवसांत संपवतात, त्याला आम्ही बावीस दिवस घेणार आहोत. ते मुद्दाम घेणार आहोत.

माझे ऑफिसमधले मित्र विचारतात, एवढे दिवस करणार काय तिथे? आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आम्ही तिघं जाणार आहोत. मी, माझी धाकटी बहीण आणि आमचा खालाजाद भाऊ. बहिणीची ही पहिली वेळ. मी आणि भाऊ मात्र या रस्त्याला आधी जाऊन आलो आहोत. अर्धे जाऊन आलो, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

२०१९च्या जुलैमध्ये आम्ही दोघं एका ग्रुपबरोबर गेलो होतो. त्यांचं वेळापत्रक नोकरदारांच्या रजेवर बेतलेलं होतं. दोन शनिवार-रविवार आणि मधला आठवडा धरून नऊ दिवसांत लेह. पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी जिस्पाहून निघून झिंगझिंगबारला मुक्काम होता. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आहे, झिंगझिंगबार ४,२७० मीटरवर. म्हणजे झोपायची जागा एका दिवसात हजार मीटरहून जास्त वर गेली.

भाऊ आमच्यात सगळ्यात दणकट. आम्ही मूळचे साताऱ्याचे. यवतेश्वरचा घाट तो न थांबता चढायचा आणि वर कासच्या रस्त्याला आमची वाट बघत बसायचा. त्या दिवशीही तो सगळ्यांच्या आधी मुक्कामाला पोचला. रात्री त्याचं डोकं दुखायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. सकाळी तंबूतून बाहेर आला तेव्हा त्याला सरळ रेषेत चालता येत नव्हतं. आम्ही त्याला गाडीत घालून केलाँगला उतरवलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. खाली आल्याचा फरक असा की संध्याकाळी तो बोलायला लागला, दुसऱ्या दिवशी जेवला. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या आजींनी दोन दिवस त्याला गरम पाणी आणि पातळ भात दिला. निघताना पैसे घ्यायला तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत फिरलो. लेह आम्ही पाहिलंच नाही.

त्यानंतर भावाने सायकल माळ्यावर टाकली. कुणी विचारलं की म्हणायचा, “आपलं शरीर डोंगराचं नाही.” तंदुरुस्त माणूस, घाटात कुणाला न ऐकणारा, एका रात्रीत स्वतःबद्दल असं बोलायला लागला. हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतोय. आमचा बेत त्या वाक्याच्या विरोधात आहे, असं समजा.

उंचीचं गणित

आधी थोडं शास्त्र, कारण सगळा बेत त्यावर उभा आहे.

आपल्याकडे डोंगर म्हणजे सह्याद्री. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मनाली गाव साधारण २,०५० मीटरवर आहे. म्हणजे आपला प्रवास जिथे सुरू होतो, तीच जागा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर उंच. तिथून पुढे रोहतांग ३,९७८ मीटर, बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटर, लाचुलुंग ला पाच हजाराच्या थोडी वर आणि शेवटची तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटर. ‘ला’ म्हणजे खिंड.

वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण म्हणतो. खरं तर प्रमाण तेच राहतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. तांगलांग लावर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्यामुळे एका श्वासात जो ऑक्सिजन आत जातो, तोच निम्म्यावर येतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वास वाढवतं, लघवीवाटे रक्तातला समतोल बदलतं, हळूहळू तांबड्या पेशी वाढवतं. पण याला दिवस लागतात. किती लागतील ते प्रत्येकाचं वेगळं.

डॉक्टर यासाठी एक साधा नियम सांगतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा कितीही वर जा, पण झोपायला खाली या. आमच्या पहिल्या सहलीत चौथ्या रात्रीची उडी या नियमाच्या दुप्पट होती.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा त्रास होणं न होणं तंदुरुस्तीवर अवलंबून नसतं. मॅरेथॉन धावणाऱ्याला होऊ शकतो आणि त्याच्या आजोबांना होणार नाही, असंही घडतं. उलट दणकट माणसाला धोका जास्त, कारण त्याचे पाय त्याला एका दिवसात अशा जागी पोचवतात जिथे पोचायला त्याचं रक्त तयार झालेलं नसतं. भावाच्या बाबतीत हेच झालं. त्याचं शरीर डोंगराचं नाही, असं त्या रात्रीने सिद्ध केलेलं नाही. त्या वेगाने नाही, एवढंच सिद्ध केलं.

पण याचा अर्थ धोका नाही असा अजिबात नाही. ज्याला एकदा त्रास झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि तोल जाणं हे तर मेंदूवर सूज येत असल्याचं लक्षण. हे आम्ही झाकून ठेवलेलं नाही. आम्ही दोघं छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. २०१९मध्ये काय काय झालं ते तारीखवार लिहून नेलं होतं. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, जाता येईल. पण पहिला उपाय हळू चढणं, गोळी दुसरा उपाय. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी यासाठी देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी डॉक्टरांना सांगावी लागते. मित्राने दिली म्हणून ही गोळी घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

बावीस दिवसांचा तक्ता

मी कामाच्या ठिकाणी प्रोजेक्टचे तक्ते बनवतो, तसाच याचा बनवला. फरक एवढाच की ऑफिसच्या तक्त्यात आपण किती किलोमीटर, किती काम असा रकाना आधी भरतो. इथे मी पहिला रकाना झोपायच्या उंचीचा केला. किलोमीटरचा रकाना शेवटी.

मनालीत दोन रात्री. तिथून एका दिवसात मढीला चढण्याऐवजी मधे कोठीला मुक्काम, अडीच हजार मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी मढी, साधारण ३,३००. मग रोहतांग ओलांडून खाली कोकसर, ३,१४०. आता २०२०पासून अटल बोगदा सुरू झालाय. नऊ किलोमीटरचा हा बोगदा रोहतांगच्या पोटातून जातो आणि गाड्यांचे तास वाचवतो. आम्हाला मात्र रोहतांगच हवाय. दिवसा चार हजारापर्यंत चढायचं आणि रात्री तीन हजाराच्या आसपास झोपायचं, शरीराला याहून चांगला सराव मिळणार नाही.

पुढे सिस्सू, मग केलाँग. तिथे एक पूर्ण दिवस विसावा. त्या आजींना भेटायचं आहे. मग जिस्पा, तिथे दोन रात्री. मधल्या दिवशी सामान ठेवून नुसतं वर फिरून यायचं. मग पटसेव, साधारण ३,८००, तिथेही दोन रात्री. त्यानंतर झिंगझिंगबार. गेल्या वेळी जिस्पा ते झिंगझिंगबार आम्ही एका दिवसात गेलो होतो. या वेळी तेवढ्याच रस्त्याला तीन दिवस. आणि झिंगझिंगबारलाही दोन रात्री.

सोळाव्या दिवसापर्यंत आम्ही बारालाचा ओलांडून सरचूला असू, ४,२९० मीटर. तिथून पुढे ‘गाटा लूप्स’ नावाची प्रसिद्ध चढण आहे, एकापाठोपाठ एक २१ वळणं. वर नकी ला, पलीकडे व्हिस्की नाल्याजवळ तंबूत मुक्काम. मग लाचुलुंग ला ओलांडून पांग. पांगनंतर मोरेचं पठार, चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे फक्त वारा. मग देब्रिंग, तांगलांग ला, रुमत्से, उपशी आणि सिंधूच्या काठाने लेह. हा सरचूपुढचा रस्ता मी अजून पाहिलेला नाही. नकाशे बघून आणि जाऊन आलेल्यांना विचारून मांडला आहे.

या बावीस दिवसांत तीन राखीव दिवस धरलेले नाहीत, ते वेगळे. दरड कोसळली, बर्फ पडला, कुणाचं पोट बिघडलं तर वापरायला. आपण इंजिनिअर लोक तक्त्यात राखीव दिवस ठेवतो आणि मॅनेजरने विचारलं की पहिले तेच कापतो. हे कापायचे नाहीत असं ठरलंय.

निघायचं ऑगस्टच्या अखेरीस. का? जुलैत कुलू-मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडींचा त्रास. सप्टेंबरच्या शेवटी वरच्या खिंडींत बर्फ पडू शकतो आणि तंबूवाले आवरायला लागतात. मधली खिडकी चार-पाच आठवड्यांची आहे. रोहतांगच्या पलीकडे लाहौलमध्ये पाऊस मुळातच कमी. आपल्याकडे महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातला माण तालुका कोरडा राहतो, त्यातलाच प्रकार.

रोज पहाटे निघायचं आणि दुपारी दोनपर्यंत थांबायचं. याला दोन कारणं. रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं. रात्री थंडीने बर्फ वितळणं थांबतं, म्हणून सकाळी पाणी घोट्यापर्यंत असतं. दुपारी तेच गुडघ्यापर्यंत येतं. दुसरं कारण वारा, तो दुपारी सुटतो. फजरला उठायची सवय इथे उपयोगी पडणार आहे. तसंही मुसाफिराला नमाज कसर करण्याची सवलत आहे, रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. प्रवासात माणूस थकतो, हे धरूनच ती सोय केलेली आहे. मग आपणच आपल्या प्रवासातून थकव्याला हद्दपार का करावं?

हळू जायलाही तयारी लागते

हळू जाणं म्हणजे कमी तयारी, असा गैरसमज असतो. सायकलचंच बघा. भावाच्या जुन्या सायकलला सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढे ३४ दाते आणि मागे २८ दाते. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर पायडल एकदा पूर्ण फिरवल्यावर सायकल २.६७ मीटर पुढे जाते. चढावर ताशी ६ किलोमीटरने जायचं तर मिनिटाला ३७ फेरे. सामान लादलेल्या सायकलवर एवढे संथ फेरे मारायचे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर उभं राहिल्यासारखं. आता पुढे २६ आणि मागे ३६ दाते बसवले. एका फेऱ्याला १.५९ मीटर. त्याच ताशी ६ किलोमीटरला मिनिटाला ६३ फेरे. पाय फिरत राहतात, श्वास लागत नाही. वेग तोच, त्रास निम्मा. हा बदल करायला नवी सायकल लागली नाही, जुन्या सायकलचे सुटे भाग बदलले.

गेले सहा महिने रविवारी आम्ही साताऱ्याला जमतो. सामान लादून यवतेश्वर चढतो. नियम एकच: चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधे तुटलं तर वेग जास्त आहे. भावाला हे सगळ्यात जड गेलं. पहिल्या रविवारी तो दर वळणावर पुढे निघून जायचा आणि बहीण मागून ओरडायची, “भाई, वाक्य बोल!” आता तो बोलतो. इतकं बोलतो की त्याला गप्प बस म्हणावं लागतं.

बहीण फार्मसी शिकली आहे. औषधांची पेटी आणि वही तिच्याकडे. रोज सकाळ-संध्याकाळ ती प्रत्येकाला चार प्रश्न विचारणार: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, थकवा आहे का, चक्कर येतेय का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली तर उंचीचा त्रास सुरू झाला असं धरायचं. याला ‘लेक लुईस’ मोजणी म्हणतात, जगभर गिर्यारोहक आणि डॉक्टर ती वापरतात. तिने आम्हाला बजावलंय की खोटं बोलायचं नाही. पुरुष या प्रश्नांना “काही नाही, ठीक आहे” असं उत्तर देतात, हे तिला घरात राहून माहीत आहे.

आम्ही चार नियम कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. एक, सगळ्यात हळू चालवणारा पुढे राहील. दोन, बेरीज तीन झाली तर त्या दिवशी वर जायचं नाही. तीन, बसल्या जागी धाप लागली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा तोल गेला तर रात्र असो की दिवस, लगेच खाली उतरायचं. चार, तिघांपैकी कुणीही “बस” म्हटलं तर चर्चा नाही.

चौथ्या नियमावर भाऊ अडला होता. त्याला वाटत होतं की हा नियम त्याच्यासाठी केलाय, त्याच्यामुळे आम्हालाही परत यावं लागेल. मी त्याला म्हटलं, तू “बस” म्हणायला लाजलास तर आपण सगळेच धोक्यात. त्या नियमाने तुला ओझं केलेलं नाही, हक्क दिलाय. त्याने दोन दिवसांनी सही केली. आमच्या सगळ्या तयारीतलं हे सगळ्यात अवघड काम होतं असं मला वाटतं.

खाली कसं उतरायचं हेही ठरलेलं आहे. हंगामात हिमाचल परिवहनची दिल्ली-लेह बस याच रस्त्याने जाते, ट्रक आणि टॅक्सी दिवसभर असतात. दारच्याच्या पुढे मोबाइलवर विसंबून राहता येत नाही. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही, म्हणून रोख पैसे तिघांकडे विभागून.

घरची परवानगी

आता घरचं सांगतो, कारण प्रश्नोत्तरांत तुम्ही हेच विचाराल.

आपल्याकडे प्रवास म्हणजे लग्न, मयत, उर्स, नाही तर उमरा. नुसतं डोंगर बघायला महिनाभर जायचं, तेही पैसे खर्चून, हे आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. घरातला मी पहिला इंजिनिअर. पहिल्या पगारापासून माझ्या रजेवर, माझ्या पैशांवर सगळ्यांचा थोडा थोडा हक्क आहे, आणि तो मला मान्य आहे. म्हणून अब्बांपुढे मी हिशेब ठेवला. दोन वर्षं साठवलेली रजा, वर आठ दिवस बिनपगारी. रेल्वेने अंबाल्यापर्यंत, सायकली पार्सलच्या डब्यात, पुढे बस. राहायला घरगुती खोल्या आणि तंबू. अब्बांनी कागद उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं, “मुलीची खोली वेगळी धरली आहेस ना?” धरली होती. त्यांनी होकार दिला.

अम्मींची काळजी वेगळी होती. त्या उंचीला घाबरत नव्हत्या, नावाला घाबरत होत्या. तीन मुसलमान पोरं, अनोळखी मुलूख, कुणी नाव विचारलं तर? या काळजीला मी हसत नाही, तुमच्याही घरात ती असेल. मी त्यांना केलाँगच्या आजींची गोष्ट पुन्हा सांगितली. त्या बौद्ध होत्या, आमची नावं त्यांनी विचारली होती आणि भात वाढला होता. एका गोष्टीने सगळा देश सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण घरात बसून तर काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात कठीण होत्या खालाजान. त्यांनी २०१९मध्ये फोनवर मुलाचा तो आवाज ऐकलेला. त्या मला म्हणाल्या, “तू जा. त्याला कशाला नेतोस? पहाड कहीं भागे जा रहे हैं क्या?” भाऊ तिथेच बसला होता. तो म्हणाला, “अम्मी, हेच तर आम्ही म्हणतोय. भागे नहीं जा रहे. म्हणून तर बावीस दिवस.” खालाजान हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांचा कागद मागितला, नियमांचा कागद मागितला, दोन्ही वाचून घेतले. मग एक पाचवा नियम लिहायला लावला: नेटवर्क मिळेल त्या प्रत्येक गावातून फोन, आणि फोनवर भावाने पूर्ण वाक्य बोलायचं. त्यांची सही अजून झालेली नाही. “निघायच्या आदल्या दिवशी बघू,” म्हणतात. तेही आम्ही मान्य केलंय. त्या नाही म्हणाल्या तर भाऊ येणार नाही, आणि तो नसेल तर मीही या वर्षी जाणार नाही.

संथपणा काही नवा नाही

काही मित्र म्हणतात, ही सगळी परदेशी फॅशन आहे, ‘स्लो ट्रॅव्हल’ वगैरे. मी त्यांना आळंदी ते पंढरपूरची वारी दाखवतो. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, गाडीने पाच तास. वारकरी अडीच आठवडे घेतात. रोजचा मुक्काम ठरलेला, मधे विसावे ठरलेले, म्हातारी माणसं बरोबर. पालखी आमच्या सातारा जिल्ह्यातून लोणंद-फलटणवरून जाते, ते वेळापत्रक मी लहानपणापासून बघतोय. ‘विसावा’ हा शब्द मी तक्त्यात तिथूनच घेतला. गंमत म्हणजे आमच्या रस्त्यावर तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात आणि चंद्रभागा तयार होते. पुढे तीच चिनाब. भागेचा उगम बारालाचाच्या खालच्या सूरजतालजवळ. पंढरपूरच्या नदीचं नाव आम्हाला हिमालयातही भेटणार.

आणि लेह? ते तर संथ प्रवाशांनीच वसवलेलं गाव. यारकंद, काश्मीर, तिबेटकडून येणारे काफिले इथे थांबायचे, माल आणि जनावरं बदलायची, खिंडी उघडायची वाट बघायची. कित्येक व्यापारी तिथेच लग्न करून राहिले. त्यांचे वंशज आजही लेहमध्ये आहेत. बाजारातली जामा मशीद सतराव्या शतकातली, राजवाड्याच्या पायथ्याशी. लेहचा गुलाम रसूल गलवान हा याच काफिल्यांच्या दुनियेतला गरीब मुलगा. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षांपासून तो युरोपीय प्रवाशांबरोबर हमाल, घोडेवाला म्हणून जायचा. पुढे काफिल्याचा म्होरक्या झाला. त्याचं ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’ हे आत्मचरित्र १९२३मध्ये प्रसिद्ध झालं. गलवान खोरं आपल्याला २०२०च्या बातम्यांतून माहीत झालं, त्याला नाव या माणसाचं आहे. लेहला पोचल्यावर आम्ही तीन दिवस राहणार आहोत ते याच गोष्टी बघायला. नऊ दिवसांच्या वेळापत्रकात याला जागाच नव्हती. लेहमध्ये सायकल खोक्यात भरायची आणि विमानतळ गाठायचा, एवढंच होतं.

शेवटी थोडं तुमच्याविषयी. तुमच्यापैकी बरेच जण शिकताय, पहिल्या नोकरीत आहात. मी तुमच्या वयाचा होतो तेव्हा मला वाटायचं की आपल्याला इतरांपेक्षा लवकर, जास्त, चांगलं करून दाखवलं पाहिजे, नाही तर लोक म्हणतील हे असेच. हे ओझं खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्या ओझ्याखाली आपण एकमेकांना मागे टाकायला शिकतो. जो थकला त्याला “तुझं काम नाही” म्हणतो आणि तोही ते मान्य करून सायकल माळ्यावर टाकतो. कॉलेज सोडलेला मित्र, परीक्षेत अडकलेली बहीण, लग्नानंतर अभ्यास सुटलेली मैत्रीण, प्रत्येकाच्या घरात असं कुणीतरी आहे. त्यांना पुन्हा बरोबर घ्यायचं असेल तर तक्ता त्यांच्या वेगाने मांडावा लागेल. त्याला वेळ जास्त लागतो. रजा काढावी लागते, हिशेब करावा लागतो, आणि पुढे राहायची सवय असलेल्याला मागे राहायला शिकावं लागतं.

आम्ही लेहला पोचू की नाही, मला माहीत नाही. जिस्पाहून परत यावं लागलं तरी नियम पाळून येऊ. पण माळ्यावरची सायकल खाली आली आहे, तिला नवे गिअर लागले आहेत, आणि भाऊ आता ते जुनं वाक्य बोलत नाही.

ज्यांना तक्ता हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून घ्या. ज्यांना रविवारी यवतेश्वर चढायचाय त्यांनी बहिणीकडे नाव द्या. सायकल कुठलीही चालेल. फक्त चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.